नदीचें मूळ शोधलेंच पाहिजे

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषींच्या बाबतींत ती कितपत खरी आहे याचा निवाडा आम्ही इतिहाससंशोधकांवर सोंपवितों. नदीच्या बाबतींत मात्र तिनें आपली बुद्धि पुष्कळ काळ निजवून ठेवली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मत आज मांडण्यास निमित्त झालें आहे तें एका दूरदेशच्या व दिसण्यांत अगदीं क्षुल्लक अशा गोष्टीचें. ती गोष्ट म्हणजे उत्तर फ्लॉरिडांतील झऱ्यांच्या नद्यांवर कॅनू किंवा कयाक घेऊन एक दिवसाची सहल कशी आंखावी, ही होय.

आमच्या वाचकवर्गांत आज असें घर विरळा, कीं ज्याच्या नात्यागोत्यांतलें एखादें माणूस अमेरिकेंत नाहीं. लेकाकडे किंवा लेकीकडे दोनचार महिने राहावयास गेलेल्या आईबापांस सुटीच्या दिवशीं कोठें न्यावें, हा तिकडील तरुण मंडळींपुढील एक नित्याचा प्रश्न. जी कुटुंबें फ्लॉरिडांत किंवा शेजारच्या जॉर्जियांत आहेत त्यांस नदीवरील सहलीचा मोह पडणें स्वाभाविक आहे, व तो मोह चांगलाहि आहे. परंतु या सहलीविषयीं जो उपदेश एकमेकांस केला जातो तो ऐकून आम्हांस आश्चर्य वाटतें. होडी भाड्यानें मिळते. पाणी बाराही महिने सारखें. पूर नाहीं, धबधबा नाहीं. मग बेत तो काय करावयाचा? गाडींत बसावें आणि निघावें! या उपदेशांत तीन चुका आहेत, आणि तिन्ही एकाच मुळांतून निघालेल्या आहेत. नदी जेथें आपल्यास दिसूं लागते तेथेंच ती सुरू होते, असें हे उपदेशक धरून चालतात.

झऱ्याची नदी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण आपल्या नद्यांवरून तिची कल्पना यावयाची नाहीं. आपल्या नद्या आषाढांत दुथडी भरतात आणि वैशाखांत त्यांच्या वाळवंटांत कलिंगडांचे वेल पसरतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत जेवढें पाणी मुरेल तेवढ्यावरच उन्हाळ्यांतील झऱ्यांनीं गुजराण करावयाची. आपल्याकडे नौकाविहार करावयाचा तर तोहि धरणाच्या मर्जीनें : कोलाडजवळ कुंडलिकेवर रबरी तराफ्यांतून जाणारी मंडळी सकाळीं वरून पाणी सुटण्याची वाट पाहत कांठावर ताटकळत असतात. फ्लॉरिडाची गोष्ट निराळी. तेथें पायांखालीं चुनखडीचा जाड थर आहे, आणि पावसाच्या किंचित् आम्ल पाण्यानें तो युगानुयुगें झिजून चाळणीसारखा झाला आहे. पडलेला पाऊस ओढ्यांनीं वाहून न जातां या चाळणींत उतरतो, भेगांतून व बोगद्यांतून सरकतो, आणि जेथें वाट सांपडेल तेथें झरा होऊन वर उसळतो. ऑस्कर माइन्झर या अमेरिकन भूजलशास्त्रज्ञानें १९२७ सालीं झऱ्यांची प्रतवारी लावली, तींत सेकंदास १०० घनफूट, म्हणजे सुमारें २,८०० लिटर, पाणी देणारा झरा पहिल्या प्रतीचा मानला आहे. असे पहिल्या प्रतीचे झरे एकट्या फ्लॉरिडांत तीसांहून अधिक आहेत, आणि लहानमोठे सर्व मिळून त्यांची संख्या हजारावर जाते.

इचटकनी ही या झऱ्यांचीच लेक. लांबी अवघी सहा मैल. एक मुख्य झरा, त्याखालीं 'ब्लू होल' नांवाचा खोल निळा डोह, आणि आणखी पांचसहा झरे, यांच्या पाण्यावर ती भरते. सांता फे नदीस मिळते. सांता फे सुवानीस आणि सुवानी मेक्सिकोच्या आखातास. पाण्याचें उष्णमान जानेवारींत आणि जुलैंत तेंच, २२ ते २३ अंश सेल्सिअस. हिंवाळ्यांत समुद्र गारठला कीं 'मॅनेटी' नांवाच्या अजस्र समुद्रगाई ऊब शोधीत अशा झऱ्यांकडे येतात. १९७० सालीं फ्लॉरिडा संस्थानानें ही जमीन फॉस्फेटच्या एका कंपनीकडून विकत घेऊन तेथें उद्यान केलें, आणि १९७२ सालीं संयुक्त संस्थानांच्या सरकारानें तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या निसर्गस्थळाचा मान दिला.

आतां पहिली चूक. नदी बाराही महिने सारखी असते, म्हणून बेताची आवश्यकता नाहीं, असें जें म्हणतात तें अर्धसत्य आहे. सुवानी नदी जॉर्जियाच्या सीमेवरील ओकेफेनोकी दलदलींतून चहाच्या रंगाचें पाणी घेऊन येते. तिला पूर आला कीं ती सांता फेची वाट अडविते आणि सांता फे इचटकनीची. मग इचटकनीच्या खालच्या भागांतील स्फटिकासारखें पाणी तपकिरी होऊन चढूं लागतें. आणि सांता फे-सुवानीच्या कांठचे कित्येक झरे तर त्या दिवसांत उलटे वाहतात, म्हणजे नदीस पाणी देण्याऐवजीं नदीचेंच पाणी पोटांत घेतात. यांतली गंमत अशी कीं, त्या वेळीं इचटकनीवरील आकाश निरभ्र असूं शकतें; पाऊस पडलेला असतो तो कोठें तरी दूर उत्तरेस. म्हणून बेत आंखणारानें आपल्या माथ्यावरचे ढग न पाहतां सुवानीची पातळी पाहावी. सरकारी मापनस्थानांवरून ती रोज प्रसिद्ध होते. पाण्याच्या निर्मळपणाचेंहि असेंच. तळाचा शिंपला दिसतो म्हणून पाणी उथळ आहे असें डोळे सांगतात. पण प्रकाशकिरणांच्या वक्रीभवनामुळें वरून चार फूट दिसणारें पाणी सव्वापांच फुटांहून अधिक असतें. आजोबांचा हात सोडून उडी मारणाऱ्या नातवाच्या उंचीशीं हा फरक ताडून पाहावा.

साधनांविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. कॅनू घ्यावी कीं कयाक घ्यावी, यावर तिकडे लोक तासन्तास वाद घालतात. तो वाद आम्हांस चहा बशींत प्यावा कीं पेल्यांत, या वादाच्या पंक्तींतला वाटतो. उघडी, एका पात्याच्या वल्ह्यानें चालणारी कॅनू वडील माणसांस बसावयास सोईची; वरून झांकलेली, दोन पात्यांच्या वल्ह्याची कयाक एकट्या तरुणास सोईची. माणशीं एक तरंगतें जाकीट होडींत असलें पाहिजे आणि सहा वर्षांखालील मुलाच्या तें अंगांतच असलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे. मोटारी दोन असाव्यात, एक चढण्याच्या घाटावर व एक उतरण्याच्या; नाहीं तर प्रवाहाविरुद्ध वल्हवीत परतण्याची हौस असावी. उन्हाळ्यांत नदी हवा भरलेल्या रबरी ट्यूबांवर तरंगणाऱ्यांनीं गजबजलेली असते, म्हणून होडीवाल्यांनीं हिंवाळा साधावा. झालें.

दुसरी चूक म्हणजे नियमांविषयींची कुरकुर. या नदीवर खाद्यपेयें व टाकाऊ वेष्टनें नेण्यास मनाई आहे. पहांटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधणाऱ्या मराठी आईच्या दृष्टीनें याहून क्रूर कायदा दुसरा नसेल! आणि मग "नदी काय सरकारच्या बापाची आहे?" हा आपला सनातन प्रश्न गाडीच्या मागच्या बांकावरून उठतो. नदी सरकारच्या बापाची नाहीं हें खरें. पण ती आपल्याहि बापाची नाहीं. उद्यान झाल्यानंतरच्या पहिल्या दशकांत तरंगणाऱ्यांच्या झुंडींनीं पाण्यांतील गवत पायांखालीं इतकें तुडविलें कीं, वरच्या घाटावरून दिवसाला ७५० पेक्षां अधिक माणसें सोडूं नयेत असा दंडक घालावा लागला. तें गवत म्हणजे नुसती शोभा नव्हे. माशांचें, कासवांचें आणि समुद्रगाईंचें तें अन्न व आसरा आहे. याच उद्यानांत 'कॉफी स्प्रिंग' नांवाचा एक चिमुकला झरा आहे, आणि त्यांत मोहरीच्या दाण्याएवढ्या गोगलगाईची एक जात राहते, जी पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंहि सांपडलेली नाहीं. एका बेसावध टांचेखालीं तिचीं किती कुटुंबें जातील याचा विचार केला, म्हणजे दशम्या गाडींतच खाव्या लागण्याचें दुःख थोडें हलकें व्हावें.

परंतु आमचा खरा वाद या कुरकुरणाऱ्यांशीं नाहीं. तो आहे नियम पाळणाऱ्यांशीं.

हें विधान विचित्र वाटेल, म्हणून तें स्पष्ट करतों. एक सुशिक्षित कुटुंब डोळ्यांपुढें आणा. त्यानें पाण्याची पातळी पाहिली आहे, बाटली बरोबर नेलेली नाहीं, गवतावर पाय दिलेला नाहीं, समुद्रगाईपासून दूर राहून तिला नमस्कार केला आहे. संध्याकाळीं हें कुटुंब अत्यंत प्रसन्न अंतःकरणानें आपल्या बंगल्यावर परततें. बंगल्यापुढें हिरवळ, हिरवळीवर कारंजीं आपोआप सुरू झालेलीं, कंत्राटदार येऊन महिन्याचें खत टाकून गेलेला. निसर्गाविषयींचें आपलें कर्तव्य आज पुरें झालें, असें त्या कुटुंबास वाटतें. तिसरी चूक ती ही, आणि पहिल्या दोहोंपेक्षां ती भयंकर आहे. कारण पहिल्या दोन चुका करणाऱ्यास कोणी तरी हटकतो, या चुकीला मात्र शाबासकी मिळते.

इचटकनीचें मूळ तिच्या मुख्य झऱ्यांत नाहीं. उद्यानाच्या ईशान्येस लेक सिटी नांवाचें गांव आहे. तेथून इचटकनीच्या दिशेनें एक कोरडी, सखल दरी निघते, आणि तिच्यांत जागोजाग जमीन खचून विवरें पडलीं आहेत. रोज क्रीक नांवाचा ओढा वाहतां वाहतां अशाच एका विवरांत उतरून नाहींसा होतो. त्या विवराच्या तोंडीं रंग सोडून संशोधकांनीं पाहिलें, तों कांहीं दिवसांतच तो रंग इचटकनीच्या झऱ्यांत उमटला. म्हणजे त्या ओढ्याच्या कांठीं जो कोणी जें कांहीं टाकील तें याच आठवड्यांत पोहणाऱ्या मुलाच्या तोंडाशीं येणार. उलट, जें पाणी विवरांतून न जातां वाळूंतून आणि दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू झिरपतें, त्याला झऱ्यापर्यंत यावयास दशकें लागतात. आज आपण ज्या पाण्यावर होडी घालतों त्यांतला बराच भाग आपल्या मुलांच्या जन्मापूर्वींचा पाऊस आहे. आणि त्या पावसाबरोबर मुरलेलें खतहि तेव्हांचेंच आहे. आज टाकलेलें खत कोणाच्या पुढ्यांत येईल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

या खताचें काय होतें? त्यांतील नायट्रेट पाण्यांत विरघळून झऱ्यांतून वर येतें, शेवाळ माजतें, आणि तें शेवाळ गवताचा श्वास कोंडतें. फ्लॉरिडाच्या झऱ्यांकरितां लिटरमागें ०.३५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा ठरलेली आहे. इचटकनींतील प्रमाण तिच्याहून बरेंच वर गेलेलें आहे. २०१६ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा करून ३० झरे 'असामान्य' म्हणून निवडले, आणि त्यांतील बहुसंख्य झरे नायट्रेटनें बिघडलेले आहेत असें सरकारी तपासणींतच ठरलें. असामान्य ठरण्याचा मान आणि आजारी ठरण्याचा दाखला एकाच दारीं यावा, हा योगहि असामान्यच. नायट्रेट कोठून येतें? शेतांतून, हिरवळींतून, गुरांच्या शेणमुतांतून आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतून. पैकीं सर्वांत मोठा वांटा खतांचा. आणि उपशाचें म्हणाल तर, २०१५ सालीं सांता फेचा खालचा भाग व इचटकनी यांच्याकरितां किमान प्रवाह किती असावा याचा नियम झाला, आणि त्याच वेळीं प्रवाह त्या किमानाच्याहि खालीं गेला असल्यामुळें तो सावरण्याची योजना आंखावी लागली. हा उपसा केवळ शेजारच्या विहिरींचा नव्हे. ईशान्य फ्लॉरिडा व आग्नेय जॉर्जिया येथील पंपांचाहि त्यांत हात आहे. भूगर्भांतील पाण्याला परगण्याच्या सीमा ठाऊक नसतात.

येथें कोणी म्हणेल, कीं खरा चोर बाटलीवाला आहे. २०२१ सालीं सांता फेच्या कांठच्या गिनी स्प्रिंग्ज येथून, बाटल्यांत भरण्याकरितां रोज सुमारें दहा लाख गॅलन पाणी उपसण्यास तेथील जलव्यवस्थापन मंडळानें परवाना दिला. अर्जाची फी ११५ डॉलर आणि पाण्याची किंमत कांहीं नाहीं. हें ऐकून ज्याचें पित्त खवळणार नाहीं तो माणूस विरळा, आणि आमचेंहि खवळलें. तथापि या बाटलीचा एक मोठा उपयोग आहे असें आमच्या ध्यानांत आलें आहे : ती सर्वांच्या रागाला पुरून उरते. शेतीचा, शहरांच्या नळांचा आणि कोट्यवधि चौरस फूट हिरवळीचा उपसा तिच्या मानानें कितीतरी मोठा आहे; पण बाटलीवर लेबल असतें आणि हिरवळीवर नसतें, म्हणून निषेधाच्या सभेस जाणारा गृहस्थ आपलें कारंजें बंद करण्यास विसरतो.

झरा कधींच आटत नसतो, असें मानणाऱ्यांकरितां किसिंजेन झऱ्याची हकीकत सांगतों. मध्य फ्लॉरिडांत बार्टो गांवाजवळ हा झरा होता. रोज सुमारें दोन कोटि गॅलन पाणी तो देई. लोक कुटुंबकबिल्यासह येत, फळीवरून उड्या मारीत, कांठीं जेवत. भोंवतालीं फॉस्फेटच्या खाणी निघाल्या, विहिरी वाढल्या, आणि १९५० सालीं तो झरा वाहावयाचा थांबला. त्या ठिकाणीं शेवटची सहल ज्यांनीं केली त्यांनींहि होडी, टोपी, फराळ यांचा बेत अगदीं नीट केला असेल!

बेतानें सहलीची गोडी जाते, काव्य नाहींसें होतें, असाहि एक आक्षेप आमच्यासारख्यांवर येतो. विल्यम बार्ट्रॅम हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७७४ सालीं याच प्रदेशांत हिंडला. सुवानीच्या कांठीं त्यानें तद्देशीय लोकांच्या सायप्रसच्या खोडांतून कोरलेल्या कॅनू पाहिल्या, त्याच नदीवर मॅनेटी झऱ्याचें दर्शन घेतलें, आणि पाणी कोठून येतें, किती जोरानें येतें, कोठें जातें, तें टिपून ठेवलें. त्याचें पुस्तक १७९१ सालीं प्रसिद्ध झालें. कोलरिजच्या 'कुब्ला खान' या काव्यांतील उसळत्या झऱ्यामागें बार्ट्रॅमचीं हींच वर्णनें आहेत, हें जॉन लिव्हिंग्स्टन लोज या समीक्षकानें दाखवून दिलें. तेंहि १९२७ सालींच, म्हणजे माइन्झरनें झरे मोजले त्याच वर्षीं. मुळाची चौकशी करणाऱ्यानें काव्य मारलें कीं पुरविलें? आणि ज्या लोकांच्या कॅनू बार्ट्रॅमनें पाहिल्या त्यांच्याहि फार पूर्वींचे लोक या पाण्यावर वावरत होते. २००० सालच्या अवर्षणांत गेन्सव्हिलजवळचें न्यूनन सरोवर आटलें, तेव्हां त्याच्या तळाशीं १०१ पुरातन कॅनू उघड्या पडल्या. त्यांतील सर्वांत जुन्या सुमारें पांच हजार वर्षांच्या आहेत. एवढीं वर्षें त्या पाण्याखालीं टिकल्या. आपण वर पाहिल्या त्या पाणी गेल्यावर.

"एक दिवसाच्या पाहुण्यानें ही उठाठेव कां करावी?" असें विचारणारांस आमचें उत्तर असें, कीं पाहुणे आपण आहांत, तुमचीं मुलें पाहुणीं नाहींत. तीं तेथें घरें बांधतात, कर भरतात. नागरिक झालीं असतील तर मतहि देतात. घरापुढें काय लावावें, सेप्टिक टाकी केव्हां साफ करावी, जलमंडळाच्या बैठकीस जावें कीं नाहीं, हें तींच ठरवितात. आणि इकडे नाशिक-नगराकडे शेजाऱ्याच्या बोअरपेक्षां शंभर फूट खोल जाण्यांत भूषण मानणाऱ्या आपल्या आप्तेष्टांस, पाण्याचें मूळ शोधूं नये ही म्हण सोईची वाटत असली तरी, ती त्यांच्या पंपास फार दिवस पुरावयाची नाहीं.

तेव्हां आमच्या मतें बेत दोन दिवसांचा असावा. पहिल्या दिवशीं होडी घेऊंच नये. ओलिनो उद्यानांत जावें. तेथें भरपात्र वाहणारी सांता फे एका विवरांत शिरून दिसेनाशी होते आणि सुमारें तीन मैलांवर पुन्हा वर येते. ती जेथें बुडते त्या कांठावर घरांतील वडील माणसांस व मुलांस थोडा वेळ उभें करावें. नदी जमिनीखालून जाते हें शंभर व्याख्यानांनीं पटणार नाहीं तें तेथें पांच मिनिटांत पटतें. तेथून लेक सिटीस जाऊन ॲलिगेटर लेक पाहावें. या सरोवराच्या तळाशींहि विवरें आहेत. तीं उघडलीं कीं सबंध सरोवर जमिनींत उतरतें आणि मागें चिखल व गवत राहतें. मग गांवांतून गाडी हळू हांकीत दक्षिणेस यावें, आणि उद्यान येईपर्यंत वाटेवर किती हिरवळी, किती शेतें व किती पेट्रोलपंप लागले तें मुलांकडून मोजवावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर, धुकें पाण्यावर आहे तोंच, घाटावर जावें आणि होडी सोडावी. दशम्या गाडींत राहूं द्याव्यात. परत येईपर्यंत त्या शिळ्या होत नाहींत.